हायड्रोजनच्या इलेक्ट्रोलायझरला प्लेटिंगचा जुना रेक्टिफायर चालेल का?

कुंडईचा भट्टीवाला

नमस्कार मंडळी,

कुंडई औद्योगिक वसाहतीत आमचं लहान युनिट आहे. स्टेनलेसच्या बारीक नळ्या ओढायच्या आणि हायड्रोजनच्या भट्टीत ब्राइट अ‍ॅनिलिंग (काळ्या पडू न देता तापवून मऊ करणं) करून द्यायच्या, हे काम. गॅस आजवर सिलिंडरमधून येतो, तोही घाटावरून. जुलैत घाटात दरड आली की सिलिंडर मोजत दिवस काढायचे. गेल्या पावसात दोनदा भट्टी नुसत्या नायट्रोजनवर गरम ठेवली आणि माणसं बसून राहिली. थंड करावी तर आतली मफल, म्हणजे भट्टीतलं आवरण, तडकायची भीती, म्हणून तेही करता येत नाही.

मालकांनी आता ठरवलंय की गॅस इथेच करायचा. २०२४च्या फेब्रुवारीत बेतूलला इंडिया एनर्जी वीक भरला होता, तिथे ते जाऊन आले, तेव्हापासून हे डोक्यात होतं. पोटॅशच्या पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढणारा, ताशी ५ घनमीटरचा अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर बघितलाय. पुरवठादाराच्या कागदावर असं आहे: ४० सेल (त्या सगळ्यांचा मिळून एक स्टॅक), ३०० अँपिअर, नवीन स्टॅकला ७६ व्होल्ट, आयुष्याच्या शेवटी ८८ व्होल्ट, पोटॅश ३० टक्के, तापमान ७५ अंश. एसी विजेची डीसी करणारा रेक्टिफायर तुमचा तुम्ही घेत असाल तर किंमत बरीच उतरते, असं तो म्हणतो.

आता माझे प्रश्न.

आमच्या गोदामात प्लेटिंगचा एक जुना रेक्टिफायर पडून आहे. १२ व्होल्ट, २,००० अँपिअर, म्हणजे २४ किलोवॅट. स्टॅकला लागतात साधारण २३. हा वापरता येईल का?

नवाच घ्यायचा तर दोन कोटेशनं आहेत, फरक आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा. एक थायरिस्टरचा, सहा पल्स, पूर्ण लोडवर ९१ टक्के. दुसरा आयजीबीटीच्या मॉड्यूलचा, ९४ टक्के, किंमत जवळजवळ दीडपट. तीन टक्क्यांसाठी दीडपट द्यावेत का?

शेडवर ३० किलोवॅटचं सोलर आहे. ते सरळ स्टॅकला जोडलं तर रेक्टिफायरच नको, असं एकाने सुचवलं. खरं का?

मी मेकॅनिकलचा माणूस आहे. विजेतलं जुजबी कळतं. जरा उलगडून सांगितलंत तर उपकार होतील.

डिचोलीचा प्लेटिंगवाला

भाऊ, किलोवॅट जुळतात म्हणजे अर्धं काम झालं. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (बाहेर वीज देणारं वेटोळं) रिवाइंड करून घ्या, १२च्या जागी १०० व्होल्ट. आमच्याकडे निकेलच्या टाकीचा रेक्टिफायर असाच ६ व्होल्टचा १५ केला होता, आठ वर्षं चालला. नव्याच्या निम्म्याहून कमी खर्चात होईल.

जुना रेक्टिफायरवाला, फोंडा

भट्टीवाले, तुमचा प्रश्न वाचला आणि बरं वाटलं. माझी एकतीस वर्षं रेक्टिफायर बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली, त्यातली शेवटची एकवीस गोव्यात. प्लेटिंग, अ‍ॅनोडायझिंग, आणि मधली सहा वर्षं एका कारखान्यातले हायड्रोजनचे दोन स्टॅक माझ्या हाताखाली होते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. अँपिअर म्हणजे गॅस, व्होल्ट म्हणजे बिल.

एका सेलमधून १ किलो हायड्रोजन काढायला सुमारे २६,६०० अँपिअर-तास लागतात. हा फॅरेडेचा हिशेब आहे, त्यात कुठल्या कंपनीची हुशारी चालत नाही. घनमीटरमध्ये बोलायचं तर एका घनमीटरला २,३९० अँपिअर-तास. तुमच्या स्टॅकमध्ये तोच ३०० अँपिअर चाळीस सेलमधून एकामागून एक जातो आणि प्रत्येक सेल आपला गॅस देतो. ४० गुणिले ३०० म्हणजे १२,०००, त्याला २,३९० ने भागा, ५ घनमीटर येतात. पुरवठादाराचा कागद खरा आहे.

आता तुमचा प्लेटिंगचा घ्या. सेलला लागतात १.९ व्होल्ट. १२ व्होल्टमध्ये सहा सेल बसतील. त्या सहा सेलमधून तुमचा स्टॅक घेतो तेवढाच ३०० अँपिअर पाठवला तर ताशी पाऊण घनमीटर गॅस. उरलेले १,७०० अँपिअर कुणाच्याच कामाचे नाहीत. किलोवॅट सारखे असले तरी आकार वेगळा आहे. पायजम्याला आणि सदऱ्याला कापड तेवढंच लागतं म्हणून कुणी पायजमा अंगात घालत नाही.

डिचोलीच्या भाऊंनी सांगितलेलं रिवाइंडिंग होतं, मी स्वतः केलंय. पण ६चा १५ करणं वेगळं आणि १२चा १०० करणं वेगळं. प्लेटिंगच्या रेक्टिफायरमध्ये डायोड किंवा थायरिस्टर कमी व्होल्टेजचे बसवलेले असतात, सेकंडरीचं इन्सुलेशन त्याच बेताचं असतं, करंट सपाट करणारा चोक २,००० अँपिअरचा म्हणजे दोन-चार वेढ्यांचा. हे सगळं बदललं की जुन्यातलं उरतं काय? पत्र्याचं कपाट आणि पंखा. शिवाय एक मोठी अडचण पुढे येते, ती नीट समजून घ्या.

प्लेटिंगवाले बहुतेक वेळा व्होल्टेज धरून चालवतात. इलेक्ट्रोलायझर तसा चालवायचा नाही. तुमच्या स्टॅकला ६० अँपिअरला साधारण ६४ व्होल्ट लागतील आणि ३०० अँपिअरला ७६. म्हणजे २४० अँपिअरचा फरक फक्त १२ व्होल्टमध्ये. याचा अर्थ व्होल्टेज ४ ने हललं की करंट ८० ने हलतो. पावसाळ्यातल्या संध्याकाळी लाईनचं व्होल्टेज पाच टक्के खालीवर होणं नवीन नाही. व्होल्टेज धरून बसलात तर तुमचा गॅस त्या लाईनबरोबर नाचेल. म्हणून रेक्टिफायर करंट धरणारा हवा आणि त्याची कंट्रोल कार्ड चपळ हवी. कोटेशनमध्ये हे शब्दांत लिहून घ्या.

आता थायरिस्टर की आयजीबीटी.

तुम्ही पूर्ण लोडची एफिशियन्सी बघताय. सगळे तिथेच बघतात, कारण विकणारा तीच दाखवतो. तुमच्या आकाराला तीन टक्के म्हणजे किती, ते काढून बघा. पाऊण किलोवॅट. आठ तासांच्या पाळीला सहा युनिट. आता दुसरी बाजू बघा. प्रत्येक सेलचं व्होल्टेज ०.१ ने वाढलं, तर ४० सेलचे ४ व्होल्ट, गुणिले ३०० अँपिअर, म्हणजे १.२ किलोवॅट. पाळीला साडेनऊ युनिट. सेलचं व्होल्टेज एवढं वाढायला फार काही लागत नाही. पाणी खराब गेलं, इलेक्ट्रोड वारंवार उलटसुलट झाले, पोटॅश पातळ राहिलं, की झालं. म्हणजे कुठला रेक्टिफायर तुमचा स्टॅक जास्त सांभाळतो, हा खरा प्रश्न.

थायरिस्टरमधली एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. रेक्टिफायर घेताना शेवटच्या दिवसाचे ८८ व्होल्ट धरावे लागतात, वर थोडी सवड. म्हणून ट्रान्सफॉर्मर ८० व्होल्ट सेकंडरीचा बांधतात, त्यातून थायरिस्टर ब्रिज १०८ व्होल्टपर्यंत देऊ शकतो. पण पहिल्या दिवशी स्टॅक मागतो ७६. मग थायरिस्टर उशिरा उघडून उरलेलं व्होल्टेज अडवून धरतो आणि पॉवर फॅक्टर (लाईनमधून ओढलेल्या विजेतली कामाला येते तिचं प्रमाण) थेट ०.७० वर येतो, हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतली जादा कंपनं, धरले की आणखी खाली. म्हणजे नवं कोरं यंत्र पहिल्या दिवसापासून वाईट पॉवर फॅक्टरवर चालतं आणि स्टॅक म्हातारा झाला की सुधारतं. यावर साधा उपाय आहे, सेकंडरीला टॅप, म्हणजे मधल्या जोडण्या, द्यायला सांगा: ६६, ७३, ८०. नव्या स्टॅकला ६६ वर चालवा, कमाल ८९ व्होल्ट मिळतात, पॉवर फॅक्टर ०.८५ च्या घरात राहतो. चार-पाच वर्षांनी टॅप बदला. वाइंडिंगवाल्याला हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण आधी सांगितलं तर. मी एका ठिकाणी हे सांगायला विसरलो होतो. पुढे त्या लोकांना दर महिन्याला पॉवर फॅक्टरचा भुर्दंड भरावा लागला आणि ते बिल बघितलं की मला आजही वाईट वाटतं.

आणखी एक, पॉवर फॅक्टर सुधारायला लावलेलं तुमचं कपॅसिटर पॅनल बघा. सहा पल्सचा रेक्टिफायर पाचवा आणि सातवा हार्मोनिक लाईनमध्ये टाकतो, २५० आणि ३५० हर्ट्झचा. कपॅसिटर बँकेला रिॲक्टर (सोबत लावायचं तारेचं वेटोळं) नसेल तर ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून नेमके त्या आसपास घुमायला लागतात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी रेक्टिफायर सुरू करून दिला, दुपारी सगळं ठीक होतं. रात्री बाकीची यंत्रं बंद झाली, कपॅसिटर तेवढे लागून राहिले. सकाळी पॅनल उघडलं तर सातपैकी चार डबे पोट फुगून बसलेले, एकाचं झाकण उडालेलं, आतलं तेल केबलच्या खोबणीत. रेक्टिफायरची यात चूक नव्हती, बघायला हवं होतं मी. कपॅसिटरला ७ टक्के रिॲक्टर लावला की हे टळतं. तुमच्याकडे काय आहे, कळवा.

आता जेवतो. आयजीबीटी आणि सोलरबद्दल नंतर लिहितो.

प्रोसेस इंजिनियर, वेर्णा

काका, फार छान लिहिलंत. मी औषधाच्या कारखान्यात हायड्रोजनेशन बघते, म्हणून गॅसच्या बाजूने थोडं.

भट्टीवाले दादा, अल्कलाइन स्टॅक हवा तेवढा कमी करंटवर चालवता येत नाही. दोन्ही बाजूंच्या गॅसमध्ये फक्त एक पातळ डायफ्रॅम असतो आणि पोटॅशमध्ये विरघळलेला थोडा गॅस कायम पलीकडे जात असतो. करंट भरपूर असेल तर ऑक्सिजन एवढा निघतो की त्यातला हायड्रोजन नगण्य ठरतो. करंट कमी केलात की ऑक्सिजन घटतो, पण पलीकडून येणारा हायड्रोजन तेवढाच राहतो, त्याचं प्रमाण वाढतं. हायड्रोजन ४ टक्क्यांवर पेट घेऊ शकतो, म्हणून २ टक्क्यांवर प्लांट ट्रिप करतात. त्यामुळे अल्कलाइनची किमान मर्यादा साधारण पूर्ण लोडच्या २० ते ४० टक्के असते. तुमच्या पुरवठादाराकडून त्याचा नेमका आकडा घ्या.

सोलर सरळ स्टॅकला जोडण्याचं उत्तर यातच आहे. जूनमध्ये ढग आला की करंट त्या मर्यादेखाली, ढग गेला की वर. दिवसातून वीस वेळा तुम्ही धोक्याच्या दारापर्यंत जाऊन परत येणार. शिवाय सोलरच्या स्ट्रिंगचं व्होल्टेज शेकड्यांत असतं, स्टॅकचं ७६. मध्ये कन्व्हर्टर लागतोच. सोलर आहे तसं ग्रिडला राहू द्या, नेट मीटरने युनिट वळते होतील, स्टॅक ग्रिडवर स्थिर चालवा.

दुसरं म्हणजे ट्रिपची तार. ऑक्सिजनमधला हायड्रोजन मोजणारा ॲनालायझर, दाब, पातळी आणि तापमान यांची ट्रिप रेक्टिफायरला तांब्याच्या तारेने थेट जायला हवी. पीएलसीच्या, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या कंट्रोल कॉम्प्युटरच्या, संदेशावर विसंबू नका. करंट कमी-जास्त करायचा सिग्नल पीएलसीकडून ४ ते २० मिलिअँपिअरने येऊ दे, पण बंद करण्याचा हुकूम वेगळ्या तारेने. हे मी आमच्याकडच्या एका प्रसंगानंतर शिकले. पीएलसी अडकला होता, स्क्रीनवर बंद दिसत होतं आणि पंप चालू होता. कुणाला इजा झाली नाही, पण त्या दिवशी माझे हात दहा मिनिटं थरथरत होते.

आणि जास्तीचा गॅस सिलिंडरमध्ये भरून ठेवायचा विचार असेल, तर भरण्यासाठी आणि साठवण्यासाठी पेसोचा (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंवर देखरेख करणारी केंद्राची संस्था) परवाना लागतो. तो आधी बघा.

कुंडईचा भट्टीवाला

खूप आभार. काल संध्याकाळी पॅनल उघडून बघितलं. ५० केव्हीएआरचं कपॅसिटर पॅनल आहे, रिॲक्टर कुठेच दिसत नाही. दोन डबे हाताला बाकीच्यांपेक्षा गरम लागले. ट्रान्सफॉर्मर २५० केव्हीएचा. प्लेटिंगचा विचार सोडला.

सिलिंडरचा हिशेबही काढला. आमचा सिलिंडर ७ घनमीटरचा. पंप, ड्रायर, डीएम (क्षार काढलेलं) पाणी सगळं धरून घनमीटरला साडेपाच युनिट धरले, तर एका सिलिंडरएवढ्या गॅसला ३८-३९ युनिट. रोज आम्हाला सहा सिलिंडर लागतात.

काका, आयजीबीटीबद्दल लिहिणार होतात. आणि स्टॅकच्या जागेबद्दलही विचारायचं होतं. मागच्या शेडमध्ये जागा आहे, तिथेच रेक्टिफायर ठेवला तर केबल वाचेल.

जुना रेक्टिफायरवाला, फोंडा

रिॲक्टर नसलेले कपॅसिटर आताच गरम आहेत म्हणजे भट्टीच्या हीटरचे थायरिस्टर त्यांना आधीपासून छळताहेत. ते पॅनल रेक्टिफायर यायच्या आधी बदला. कुठलाही रेक्टिफायर घेतलात तरी हा खर्च टळत नाही.

वेर्ण्याच्या बाईंनी किमान लोडचं सांगितलं, त्याला विजेची बाजू जोडतो. कमी करंटवर सहा पल्सचा थायरिस्टर आणखी एक त्रास देतो. स्टॅक म्हणजे नुसता रेझिस्टर नाही, तो बॅटरीसारखा उलटा जोर लावून बसलेला असतो, तुमच्या बाबतीत ५८-६० व्होल्टचा. लोड कमी असला आणि चोक लहान असला, की रेक्टिफायरचं व्होल्टेज त्या जोराच्या वर असेल तेवढाच वेळ करंट जातो, मध्ये शून्य. सेकंदाला ३०० ठोके. मी एकदा एका स्टॅकवर सरासरी ६० अँपिअर मोजला आणि शेजारी ट्रू आरएमएस मीटर (तारेला प्रत्यक्ष तापवणारा करंट मोजणारा) लावला, तो ७८ दाखवत होता. गॅस ६०चाच होणार, कारण गॅस सरासरीवर चालतो. पण तारा आणि पोटॅश तापणार ७८च्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ ७० टक्के जास्त. त्या दिवशी मी चोक बदलायला सांगितला आणि नवा चोक येईपर्यंत त्यांना शंभराखाली जाऊ दिलं नाही.

आयजीबीटीची मॉड्यूल इथे उजवी पडतात. ती हजारो हर्ट्झवर स्विच होतात, म्हणून छोट्याशा चोकनेही करंट कमी लोडवर सपाट राहतो. पॉवर फॅक्टर सुधारणारी पुढची पायरी आत असेल तर तोही ०.९८-०.९९ मिळतो, टॅपची भानगड नाही. तुम्ही विचारलंत तीन टक्क्यांसाठी दीडपट द्यावेत का. तीन टक्क्यांसाठी देऊ नका. सपाट करंट, चांगला पॉवर फॅक्टर आणि मॉड्यूल बदलण्याची सोय, यांसाठी द्या.

मॉड्यूलची सोय म्हणजे काय, ते सांगतो. थायरिस्टरचा मोठा गुण असा की तो मला किंवा माझ्यासारख्या कुणाला फोंड्यात बसून दुरुस्त करता येतो. फायरिंग कार्ड, फ्यूज, एक-दोन थायरिस्टर, बास. आयजीबीटीचं कार्ड गेलं की ते पाठवावं लागतं. जुलैत घाट बंद असताना ते कसं पाठवणार? गॅससाठी तुम्ही ज्या अडचणीतून सुटायला निघालात, तीच रेक्टिफायरच्या रूपाने परत येईल. म्हणून घेताना १२० अँपिअरची तीन मॉड्यूल घ्या, ३६० होतात, आणि चौथं तसंच गोदामात पेटीत ठेवा. एक गेलं तर २४० अँपिअरवर गॅस चालू राहतो, ८० टक्के, आणि तासाभरात चौथं बसतं. चौथ्याची किंमत धरून कोटेशन परत मागवा. पुरवठादार सुटं मॉड्यूल द्यायला तयार नसेल, तर थायरिस्टर घ्या, टॅप आणि मोठा चोक घालून. मी सरळ सांगतो, मॉड्यूल शेल्फवर नसलेला आयजीबीटी मी पावसाळ्यातल्या गोव्यात कुणाला सुचवणार नाही.

मोठ्या प्लांटला गणित वेगळं आहे. केंद्राने ४ जानेवारी २०२३ला हरित हायड्रोजनच्या मिशनला मंजुरी दिली, १९,७४४ कोटींची, आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवलं. किलोला ५२ युनिट धरले तर ते २६,००० कोटी युनिट होतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं कुठल्या ना कुठल्या रेक्टिफायरमधून किंवा कन्व्हर्टरमधून जाणार. तिथे १ टक्का म्हणजे २६० कोटी युनिट. त्या लोकांनी अर्ध्या टक्क्यासाठी भांडलंच पाहिजे. त्यांच्याकडे हजारो अँपिअरचे स्टॅक असतात, तिथे स्टार आणि डेल्टा अशा दोन सेकंडरी घेऊन बारा पल्सचे थायरिस्टर आजही टिकून आहेत, म्हणजे पाचवा आणि सातवा हार्मोनिक ट्रान्सफॉर्मरमध्येच एकमेकांना मारतात. हे काम आपल्या देशाला अगदी नवंही नाही. भाक्राच्या विजेवर नांगलला पाण्यातून हायड्रोजन काढून खत करत होते ते १९६०च्या दशकात. आमचे वाइंडिंगचे गुरुजी त्या काळच्या रेक्टिफायरबद्दल बोलायचे तेव्हा आम्ही शेजारी बसून ऐकायचो.

जागेबद्दल. केबल वाचवायला रेक्टिफायर स्टॅकच्या खोलीत ठेवू नका. हायड्रोजन हलका, गळला की थेट छपराला जातो. स्टॅकच्या खोलीला छपराच्या सर्वांत उंच जागी उघडी खिडकी हवी, जी पावसातही बंद करता येणार नाही अशी. रेक्टिफायर मध्ये पक्की भिंत घालून पलीकडे. ३०० अँपिअरला आठ-दहा मीटर केबल काही जड नाही. भिंतीतून केबल नेताना भोक नीट बुजवा.

स्टॅककडच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियम नको, ना बसबार (करंट नेणारी धातूची पट्टी), ना लग. पोटॅश अ‍ॅल्युमिनियम खातं आणि खाताना हायड्रोजनच सोडतं. तांबं वापरा, त्यावर कलई किंवा निकेल.

पावसाळ्याचं एक. चवथीला कारखाने पाच-सात दिवस बंद असतात. रेक्टिफायर बंद, आत गार, बाहेर दमट हवा. एका वर्षी सुट्टीनंतर सकाळी एका ठिकाणी स्विच टाकला आणि दोन फ्यूज एकदम गेले. दार उघडलं तर फायरिंग कार्डच्या कडेला हिरवा गंज, बोट फिरवलं तर पाणी. तेव्हापासून मी पॅनलमध्ये ६० वॅटची हीटरपट्टी लावतो आणि तिला वेगळी सप्लाय देतो, मेन स्विचच्या आधीची. मेनबरोबर बंद होणारी हीटरपट्टी नेमकी हवी तेव्हा थंड असते. कार्डांना लाखेचा थर द्यायलाही सांगा. मॉड्यूल पंख्याने हवा ओढतात, जाळी दर पंधरा दिवसांनी काढून धुवा. कुंडईला खारी हवा फारशी नाही, सांकवाळला असतात तर मी बंद कपाट आणि पाण्याचं कूलिंग सांगितलं असतं.

कुंडईचा भट्टीवाला

काका, सगळं लिहून घेतलं. चौथ्या मॉड्यूलसाठी आजच मेल टाकला. एक शेवटचं. दिवसा आठ तास गॅस करायचा आणि रात्री बंद, असं आम्ही धरलंय. बंद करताना रेक्टिफायरला काही वेगळं करावं लागतं का? की स्विच खाली केला की झालं?

प्रोसेस इंजिनियर, वेर्णा

रोज बंद-चालू हे अल्कलाइनला आवडत नाही, दादा. बंद केलं की एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन उरतो आणि सगळे सेल पोटॅशच्या नळ्यांनी आतून जोडलेले असतात. त्यामुळे स्टॅक आतल्या आत उलटा करंट वाहवतो आणि इलेक्ट्रोड झिजतात. आठ तासांऐवजी कमी करंटवर सोळा तास चालवता आलं तर बघा. टाकी मोठी घ्या, रात्री हळूहळू भरू दे. किमान मर्यादेच्या वर राहून.

जुना रेक्टिफायरवाला, फोंडा

बाई म्हणतात ते बरोबर. सोळा तास १५० अँपिअर म्हणजे गॅस तेवढाच आणि सेलचं व्होल्टेज कमी, म्हणजे बिलही थोडं कमी. अँपिअर-तास तेच, व्होल्ट उतरले.

बंद करायचाच झाला तर रेक्टिफायरला थोडा करंट चालू ठेवायची सोय असते, पोलरायझेशन म्हणतात. किती अँपिअर आणि किती वेळ, हे स्टॅकवाल्याकडून घ्या आणि रेक्टिफायरवाल्याला सांगा, ती दोघं आपापसात बोलत नाहीत. तो करंट किमान मर्यादेच्या खूप खाली असतो, म्हणून आधी दाब उतरवून नायट्रोजनने धुऊन घ्यायचं की कसं, हेही त्याच्याकडूनच लिहून घ्या. सकाळी सुरू करताना गार स्टॅकला एकदम ३०० देऊ नका. २८-३० अंशाला तोच करंट द्यायला सेल २.२-२.३ व्होल्ट मागतो. १००ला सुरू करा, स्टॅक स्वतःच्याच उष्णतेने तापतो, ६० अंश झाले की चढवा.

आणि माणसांना हे समोर उभं करून सांगा: स्विच खाली केला म्हणजे स्टॅक मेला असं नाही. तो बराच वेळ ४५-५० व्होल्ट धरून असतो. बसबारची लिंक सोडायची तर आधी मीटर लावायचा, आकडा मोठ्याने वाचायचा, मग पाना. माझ्या हाताखालच्या एका पोराने न बघता पाना लावला होता. पान्याचं तोंड वितळून बसबारला चिकटलं. पोरगा वाचला, कारण त्या वेळी खोलीत गॅस नव्हता. तो पाना मी अजून खोक्यात ठेवलाय, नवीन पोरगा आला की आधी त्याच्या हातात तो देतो. कुंडईला सुरू करायच्या दिवशी मला बोलवा, मी तो घेऊन येईन.